‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ : एका भीतीचा मागोवा

एलायझाच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात. आठ ओळी, बारा रकाने. तळहाताएवढी पारदर्शक प्लास्टिकची वस्तू. प्रत्येक खळग्यात एकेकाचे सीरम घालायचे, उबवायचे, धुवायचे, पुढचे द्रावण घालायचे, पुन्हा धुवायचे आणि शेवटी रंगाची वाट पाहायची. ज्या सीरममध्ये एचआयव्हीविरुद्धच्या अँटिबॉडी असतील तो खळगा पिवळा होतो, बाकीचे पाण्यासारखे राहतात. एका रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून मी ही वाट अठ्ठावीस वर्षे पाहिली. त्यातली साधारण दीड वर्षे शेवटच्या रकान्यातल्या एका खळग्यात माझे स्वतःचे सीरम असे आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नसे.

एचआयव्हीचा इतिहास लिहिला जातो तो पिवळ्या खळग्यांचा. ते योग्यच आहे. माणसे त्या बाजूला मेली, घराबाहेर काढली गेली ती त्याच बाजूची. पण निवृत्तीनंतर जुनी कात्रणे आणि वाचनाच्या वह्या चाळताना लक्षात आले, की रंग न आलेल्यांमध्येही एक लहानसा गट पहिल्या दिवसापासून आहे. चाचणी निगेटिव्ह येते आणि तरीही माणूस सुटत नाही. पुन्हा येतो, दुसऱ्या लॅबमध्ये जातो, तिसऱ्या डॉक्टरला विचारतो. या गटाविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मी त्या गटात राहून आलो आहे, म्हणून हा खटाटोप.

ही भीती एचआयव्हीपेक्षा बरीच जुनी आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त ‘फिरंग’ नावाचा रोग नोंदवला, तो फिरंग्यांच्या संसर्गातून येतो असे सांगितले आणि त्यावर रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा एक क्षार, सुचवला. पुढे आपल्याकडे त्यालाच उपदंश किंवा नुसते ‘गरमी’ म्हणू लागले. युरोपात एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांना रोग्यांइतकेच रोग न झालेलेही भेटत होते. अंगावर एकही चट्टा नसलेला माणूस रोज आरशासमोर जीभ काढून उभा राहायचा. त्या अवस्थेला त्यांनी सिफिलोफोबिया असे नावही देऊन टाकले होते. त्या वेळी रक्ताची तपासणी नव्हती, त्यामुळे डॉक्टरला ‘तुला काही नाही’ हे सिद्ध करता येत नसे. चाचणी आली की हा प्रकार आपोआप थांबेल, असे कुणालाही वाटले असते.

चाचणी आली १९०६ मध्ये. बर्लिनमध्ये आउगुस्ट वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातून उपदंश ओळखण्याची पद्धत जाहीर केली. सिफिलोफोबिया काही थांबला नाही. उलट त्याला आता कागद मिळाला. शिवाय वासरमान चाचणीचे एक दुखणे लवकरच लक्षात आले : मलेरिया किंवा कुष्ठरोग झालेल्याच्या रक्तातही ती कधीकधी ‘हो’ म्हणायची.

याच चाचणीवर लुडविक फ्लेक या डॉक्टरने १९३५ मध्ये जर्मन भाषेत एक पुस्तक लिहिले. फ्लेक ल्वोव शहरातला, स्वतः प्रयोगशाळेत काम करणारा. पुढे ऑशविट्झ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की उपदंशी माणसाचे रक्त ‘बिघडलेले’ असते ही समजूत चाचणीच्या कितीतरी शतके आधीपासून समाजात मुरलेली होती आणि त्या समजुतीच्या रेट्यानेच संशोधक रक्ताकडे वळले. पाप आणि रक्त यांची सांगड आधी, टेस्ट ट्यूब नंतर. हे पुस्तक मी पन्नाशी उलटल्यावर इंग्रजी भाषांतरात वाचले आणि वाचताना सारखी आपल्याकडची ‘रक्तशुद्धी’ची औषधे आठवत होती. रक्त शुद्ध असते किंवा अशुद्ध असते हे आपण किती सहज बोलतो! प्रयोगशाळेत मात्र ‘शुद्ध’ असा निकाल देण्याची सोयच नाही. आम्ही लिहितो ते फक्त ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ : या सीरमने, आजच्या तारखेला, या किटशी प्रतिक्रिया दिली नाही.

एचआयव्हीच्या चाचणीची हकिगत जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचा बराच गोंधळ तिच्या जन्माशी जोडलेला आहे. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद अमेरिकेच्या साथरोग साप्ताहिकात आली. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रांस्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत पहिल्या एलायझा किटला परवाना मिळाला. तो मिळाला रक्तपेढ्यांसाठी. एखाद्या माणसाला त्याचे भविष्य सांगावे हा तिचा हेतूच नव्हता. दूषित पिशवी रुग्णाला चढू नये एवढेच बघायचे होते. म्हणून ‘पिवळे’ कशाला म्हणायचे याची सीमारेषा, जिला आम्ही कट-ऑफ म्हणतो, मुद्दाम खाली ठेवली गेली. दहा चांगल्या पिशव्या फेकल्या गेल्या तरी चालतील, एक वाईट सुटता कामा नये. याचा अर्थ असा, की ही चाचणी जन्मतःच संशयी आहे. अशा संशयी बाईने ‘नाही’ म्हटले तर ते ‘नाही’ फार भरवशाचे असते. तिच्या ‘हो’वर मात्र दुसरी साक्ष काढावी लागते.

भारतात १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली एस. निर्मला या विद्यार्थिनीने सुमारे दोनशे नमुने गोळा केले आणि ते वेल्लोरला नेऊन तपासले. सहा खळगे पिवळे झाले. देशातला पहिला पुरावा तो. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. त्यांनी पुढे काढलेल्या एड्स संशोधन केंद्राला वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे नाव आहे. त्यानंतर तीन वर्षांनी रक्तपेढ्यांना ही तपासणी सक्तीची झाली आणि मी ती शिकलो.

त्याच १९८९ सालात गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाचे प्रकरण घडले. तो नियमित रक्तदाता. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि काहीही न सांगता पोलीस त्याला घेऊन गेले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला अलग ठेवण्याची तरतूद होती. एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याची आई लूसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली. न्यायालयाने ती तरतूद रद्द केली नाही. डॉमिनिकने पुढे एचआयव्हीबाधितांसाठी संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्या बातम्या आम्ही रक्तपेढीत चहाच्या वेळी वाचत होतो. निगेटिव्ह रिपोर्ट हातात धरून थरथरणाऱ्या माणसाला वेडगळ म्हणण्याआधी हे आठवावे. त्याच्या डोळ्यांसमोर नुसता आजार नसायचा. पोलीस, कुलूप आणि गावात उजळ माथ्याने न फिरू शकणारी आईही असायची.

आमच्याकडे असे लोक येत. एक बँकेतला कारकून आठवतो. तो दर तीन महिन्यांनी रक्तदान करायला यायचा. आम्हाला त्याचे कौतुक. त्या काळच्या धोरणाप्रमाणे दात्याला निकाल कळवला जात नसे. पिशवी बाद झाली तर निमूट नष्ट करायची. त्याला ते माहीत नव्हते. एके दिवशी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “साहेब, काही असतं तर तुम्ही कळवलंच असतं ना?” चार वर्षे तो रक्तदानाच्या आडून चाचणी करून घेत होता आणि आमच्या मौनाचा अर्थ लावत होता. मी तेव्हा मनात हसलो. कुठेतरी शेण खाल्ले असेल, आता निस्तरतोय, असेही वाटले. हे वाटणे इथे लिहून ठेवतो, कारण त्याची परतफेड लवकरच झाली.

ऑगस्ट १९९४. पिशवीची नळी सील करताना सुई हातमोजा भेदून उजव्या अंगठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी त्याच पिशवीचा खळगा पिवळा झाला.

अशा सुईतून संसर्ग होण्याचा धोका हजारात तीन, हे मला माहीत होते. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले होते. आज ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस देतात. तेव्हा मला मिळाला तो सल्ला एवढाच : सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने अशी तपासणी कर. तिन्ही वेळा नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आले. फेब्रुवारी १९९५ मध्ये साहेबांनी पाठीवर थाप मारली, सुटलास म्हणाले, आणि सगळ्यांनी माझ्याकडून भेळ उकळली.

पण त्याआधीच, डिसेंबरपासून, मी रिकाम्या खळग्यात स्वतःचे सीरम घालायला लागलो होतो. साध्या माणसाला रिपोर्टवर फक्त शब्द दिसतो. मला यंत्रावरचा आकडा दिसायचा. कट-ऑफ ०.३० च्या आसपास असे. माझा आकडा एकदा ०.०५ आला, पुढच्या वेळी ०.०८, मग ०.०९. धुण्यातल्या फरकाने, प्लेटच्या कडेच्या खळग्यात, किटचा लॉट बदलल्यावर एवढे इकडेतिकडे होतेच. नव्या मुलांना हे मीच शिकवत असे. तरी घरी येऊन मी आलेखाचा कागद काढला आणि तीन ठिपके जोडले. रेषा वर चालली होती.

मग शरीर साथ देऊ लागले. रात्री घाम. सकाळी जुलाब. वजन चार किलोंनी उतरले. जबड्याखालच्या गाठी बोटांनी दाबून दाबून खरोखरच दुखऱ्या झाल्या. डेव्हिड मिलर, जॉन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये, म्हणजे चाचणीच्या जन्मवर्षीच, ब्रिटनच्या मानसोपचार नियतकालिकात ‘स्यूडो-एड्स’ या नावाने नेमके हेच लिहून ठेवले होते, हे मला कितीतरी उशिरा कळले. एड्सच्या धसक्याने आलेली चिंता अशी काही लक्षणे देते, की ती पाहून माणसाला एड्स झाल्याचीच खात्री पटते. घाबरल्यामुळे घाम, घामामुळे घबराट. दोन पानांची टिपण आहे ती. मला १९९५ मध्ये कुणी दाखवली असती तर मी त्यातही चूक काढली असती, हेही खरे.

अपराधीपणातून ही भीती येते, असे बहुतेक जण म्हणतात. मीही त्या कारकुनाबद्दल तेच म्हटले होते. पण माझ्या हातून काहीच झाले नव्हते. कामावर सुई लागली होती. तरी रात्री दोन वाजता मन जुनी खाती उघडायचेच. लग्नाआधीची एक मैत्रीण, वडिलांशी शेवटच्या दिवसांत बोललेले कडू शब्द, एका दात्याची हरवलेली घड्याळाची चौकशी मी टाळली होती ती. रोगाशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता. मला वाटते, भीती आधी येते आणि मग स्वतःला शोभेल असा गुन्हा शोधून काढते. फ्लेकने रक्ताच्या चाचणीविषयी जे म्हटले त्याच्या हे फार लांब नाही.

आता दोन गोष्टी तंत्राच्या. आपल्याकडच्या राष्ट्रीय पद्धतीत एखाद्याला एचआयव्हीबाधित ठरवायचे तर वेगवेगळ्या तीन किटवर नमुना रिअ‍ॅक्टिव्ह यावा लागतो. पहिल्याच किटवर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आला तर तिथेच थांबतात. कारण वर आलेलेच आहे : पहिली चाचणी मुद्दाम संशयी निवडतात. पण भ्यालेल्याला ते दिसते असे : ‘हो’ तीनदा तपासतात, माझे ‘नाही’ एकदाच. हा युक्तिवाद मी किमान वीस जणांच्या तोंडून ऐकला आहे, त्यातले दोन डॉक्टर.

दुसरी गोष्ट विंडो पिरियडची. संसर्ग झाल्यापासून चाचणीला तो दिसेपर्यंतचा काळ म्हणजे विंडो पिरियड. नुसत्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचण्यांना २३ ते ९० दिवस लागतात. पी-२४ हा विषाणूचा अंशही सोबत शोधणारी चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतली चाचणी १८ ते ४५ दिवसांत सांगते. विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी १० ते ३३ दिवसांत. माझ्या नोकरीच्या काळात ही खिडकी महिन्यांवरून आठवड्यांवर आली. उपचारांचेही तसेच. १९९६ मध्ये तिहेरी औषधयोजना आली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने ती रोजच्या एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केली. एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय चाचणी आणि भेदभाव यांना मनाई केली. खिडकी लहान झाली, मरण दूर गेले, कुलूप निघाले. परत येणारे मात्र येतच राहिले. २००२ च्या अखेरीस मुंबईभर बलबीर पाशा नावाच्या माणसाला एड्स होणार का, असे विचारणारे फलक लागले होते. मोहीम गाजली, वादही झाले. माझ्या दृष्टीने त्या फलकाची ताकद अशी, की त्यावर फक्त प्रश्न होता. आमच्या खिडकीपाशी येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न स्वतःचे नाव घालून विचारत होता आणि उत्तर मिळाले, की पुन्हा विचारत होता.

देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव हा या जातीचा आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा माणूस. कृत्तिकेच्या निष्ठेचा जितका पुरावा समोर येतो तितका त्याचा संशय कामाला लागतो. ते कथानक इंग्रजीच्या वाटेने मूळ मोलिएरकडून आलेले. त्याच मोलिएरने शेवटचे नाटक लिहिले ते एका काल्पनिक रोग्यावर. १६७३ मध्ये त्या भूमिकेच्या चौथ्या प्रयोगात तो स्वतः खरोखरचा आजारी होता आणि त्याच रात्री गेला. हे मी मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बघा, हेही तुम्ही भीतीच्याच बाजूनं वापरताय.”

तो तज्ज्ञ मला भेटला तो बायकोमुळे. १९९६ च्या जुलैपर्यंत मी तिला काहीही सांगितले नव्हते. लग्नाला तीन वर्षे झाली होती. सुई लागल्यापासून सहा महिने जवळ न जाणे समजण्यासारखे होते. पुढचे सव्वा वर्षही मी तिच्यापासून लांब राहिलो. नेलकटर वेगळे, ताट वेगळे, रात्री पुस्तकाचे निमित्त. एकदा तिने विचारले होते, “अहो, माझं काही चुकतंय का?” मी नाही म्हटले आणि कूस बदलली. शेवटी आलेखाचा कागद तिला कपाटात सापडला. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती.

“आणि रिपोर्ट काय आलाय?”

“निगेटिव्ह. सतरा वेळा.”

“मग सतरा वेळा कुणाला विचारलंत? मला तर एकदाही नाही.”

तज्ज्ञाने औषध थोडे दिले, काम जास्त. चाचणी बंद. गाठी चाचपणे बंद. राहवले नाही तर तेवढ्या वेळी वहीत तारीख आणि वेळ लिहायची. घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘तुला काही झालेलं नाही’ असे म्हणायचे नाही. ही शेवटची अट मला क्रूर वाटली. पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये मांडलेला विचार तिच्यामागे होता, हे पुढे वाचनात आले : दिलासा भीती काही तासांपुरती उतरवतो, आणि त्या उताराचीच सवय लागते. सारखे हात धुणाऱ्याचे धुणे आणि याचे विचारणे एकाच कुळातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात तर या विकाराची जागा मंत्रचळाच्या शेजारीच केली आहे. अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी २०१३ मध्ये त्याला ‘आजाराची चिंता’ असे वेगळे नाव देऊन चिंतारोगांच्या बाहेर ठेवले. मला पहिली मांडणी पटते, पण मी तज्ज्ञ नव्हे.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. मी बायकोला विचारायचो, “मी फिका दिसतोय का?” ती भाजी निवडता निवडता म्हणायची, “वेळ लिहा.” रक्तपेढीत मी प्लेट लावण्याचे काम सहकाऱ्याला देऊन रक्तगट तपासणीच्या टेबलावर गेलो, खरे कारण कुणाला सांगितले नाही. पहिल्या पानावर एका दिवसात एकेचाळीस नोंदी आहेत. दिवाळीच्या सुमारास सहा-सात. भीती गेली असे नव्हते; ती यायची, मी तिला उत्तर द्यायचो नाही, ती थोडा वेळ बसून उठायची. पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी लक्षात आले, की नेलकटर एकच आहे आणि दुसरे कुठे गेले ते कुणालाच आठवत नाही.

तो कारकून १९९८ मध्ये शेवटचा आला. या वेळी मी त्याला आतल्या खोलीत नेले, दात्याला निकाल कळवत नाहीत हे खरे ते सांगितले, आणि समुपदेशन करणाऱ्या केंद्राचा पत्ता दिला. त्याचा चेहरा इतका पडला, की क्षणभर वाटले, चूक केली. त्याचे पुढे काय झाले मला माहीत नाही.

वही अजून आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. शेवटची नोंद १९९७ सालची : २२ जून, रात्री ९.१०, एकदा. त्याखाली बायकोच्या अक्षरात तूरडाळ दोन किलो, पोहे, साबण, आणि पुढच्या सगळ्या पानांवर किराण्याच्या याद्या आहेत.